वादळाआधी गाडीची आगोट



रोहिणी नक्षत्र लागले की आमच्या कोकणात आगोटीची घाई सुरू होते. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी म्हणजे आगोट. लाकूडफाटा पडवीत येतो, मिरची-मसाला आणि सुकी मासळी डब्यांत जाते, कौले चाळली जातात, गोठ्याला झाप लागतात. घाटावरच्या वाचकांनाही हे नवीन नाही. तिकडे कडबा झाकायचा असतो, बियाणे कोरड्या जागी हलवायचे असते. काम निराळे, पण घाई तीच.

या सगळ्या यादीत एक गोष्ट मात्र बहुतेक घरांत नसते. ती म्हणजे अंगणात उभी असलेली मोटारसायकल. एके काळी गावात एखादीच फटफटी असायची आणि तिच्यामागे पोरे धावायची. आता दुधाचे कॅन तिच्यावर जातात, खताची गोणी तिच्यावर येते, म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात तिच्यावरूनच न्यावे लागते. पूर्वी बैलाने केलेली निम्मी कामे आज ती करते. पण बैल गोठ्यात बांधल्याशिवाय आपल्याला झोप येत नाही. गाडी मात्र रात्रभर फणसाखाली उभी असते, आणि वादळाची बातमी आली तरी तिथेच राहते.

याचा धडा आमच्या घराने ३ जून २०२० रोजी घेतला. त्या दिवशी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. माझ्या चुलत पुतण्याचे घर श्रीवर्धन तालुक्यात, मागे पोफळी-माडांची वाडी, पुढे खळे. टाळेबंदीचे दिवस होते. पुतण्या सकाळी घरोघर दूध घालायचा, परत येताना कोणाचे औषध, कोणाचा किराणा आणायचा. गाडी हप्त्यावर घेतलेली होती.

वादळाची सूचना दोन दिवस आधीपासून मिळत होती. घरच्यांनी शेळ्या सुरक्षित हलवल्या, तांदळाची पिंपे माळ्यावर चढवली, पत्र्यांवर चिरे ठेवले. गाडीकडे कोणाचे लक्षच गेले नाही. ती फणसाखाली, वाडीच्या पाटाकडेला, साइड स्टँडवर उभी राहिली.

दुपारी वारा चढला आणि पहिली पोफळ मोडल्याचा आवाज आला, तेव्हा पुतण्याला आठवण झाली. “आई, गाडी!” म्हणून तो दाराकडे धावला. वहिनी त्याच्या आधी दाराशी पोचल्या होत्या. त्यांनी आडणा घातला आणि त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “राहिलेले हप्ते मी पोफळं सोलून फेडीन. तू बाहेर पाऊल टाकू नकोस.” आईचा आवाज ऐकून तो मुकाट बसला. थोड्या वेळाने फणसाची फांदी खाली आली. ती गाडीवर पडली नाही, गाडी आधी जिथे उभी होती तिथे पडली, कारण तोवर वाऱ्याने गाडी पाटात लोटली होती. पुतण्या तिला धरायला गेला असता, तर तो नेमका त्याच जागी उभा असता.

दुसऱ्या दिवशी चौघांनी गाडी पाटातून काढली. दिसायला फारसे काही मोडले नव्हते, आरसा आणि ब्रेकची मूठ एवढेच. पुतण्याला आनंद झाला. त्याने गाडी उभी केली आणि उत्साहाने किक मारली. दुसरी मारली. चौथ्या-पाचव्या किकला आतून खट्ट असा आवाज झाला आणि इंजिन अडकून बसले. वादळातून वाचलेली गाडी त्या किकने मारली. विम्याचा कागद काढून पाहिला, तर तो फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा. दुरुस्तीचा खर्च घरातूनच झाला.

तीन चुका झाल्या होत्या: गाडी वेळेवर हलवली नाही, भिजलेल्या इंजिनाला किक मारली, आणि विमा नीट वाचला नव्हता. तिन्ही टाळता येण्याजोग्या होत्या. म्हणून आज त्याचीच माहिती देत आहे.

सूचना कधी मिळते

अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम असतात. एक पावसाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे मे-जूनमध्ये, आणि दुसरा पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास. ‘फयान’ वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी आले, भाताची कापणी-झोडणी चालू असतानाच. तेव्हा जून सरला म्हणजे सुटलो, असे समजू नये.

भारतीय हवामान खाते चक्रीवादळाची सूचना पायरीपायरीने देते. सुमारे ७२ तास आधी पूर्वकल्पना दिली जाते. किनाऱ्यावर वाईट हवा सुरू होण्याच्या निदान ४८ तास आधी पिवळा इशारा, २४ तास आधी नारिंगी इशारा, आणि वादळ जमिनीवर चढण्याच्या सुमारे १२ तास आधी लाल. आपल्या कामाची वाटणी यावरच करावी. पिवळ्याला गाडीची तयारी, नारिंगीला गाडी जागेवर नेऊन बांधणे, आणि लाल झाल्यावर गाडीचा विचार सोडून माणसांनी आत बसणे.

पण दरवेळी वादळ एवढी सवड देईलच असे नाही. ‘निसर्ग’ १ जूनला समुद्रातला कमी दाब होता, २ जूनला दुपारी त्याचे चक्रीवादळ झाले, आणि ३ जूनला दुपारी ते किनाऱ्यावर चढलेसुद्धा. म्हणून पहिली बातमी रेडिओवर किंवा मोबाइलवर आली, की त्याच संध्याकाळी कामाला लागावे.

वारा गाडीला काय करतो

‘निसर्ग’ किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. ताशी १०० किलोमीटरचा वारा आडव्या उभ्या असलेल्या वस्तूला दर चौरस मीटरला सुमारे ५० किलो वजनाइतका रेटा देतो. वेग दुप्पट झाला तर रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. साध्या मोटारसायकलचे वजन शंभर-सव्वाशे किलो. ती दोन चाकांवर आणि एका बोटभर रुंदीच्या स्टँडवर तोललेली असते. अशा गाडीला आडवा झोत लागला, तर ती पडणार यात नवल नाही.

दुसरी गोष्ट दिशेची. आपल्याकडे चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. त्यामुळे त्याचे केंद्र जवळून पुढे सरकले की वाऱ्याची दिशा बदलते. सकाळी जो वारा डोंगराकडून येत होता, तोच संध्याकाळी समुद्राकडून येऊ शकतो. एका बाजूचा आडोसा बघून ठेवलेली गाडी मग उघडी पडते. केंद्र थेट डोक्यावरून गेले, तर मध्ये काही वेळ वारा अगदी पडतो, क्वचित ऊनही दिसते. वादळ सरले असे वाटून लोक बाहेर येतात, गाडी बघायला जातात, आणि तेवढ्यात उलट बाजूचा वारा पहिल्याइतक्याच जोराने येतो. वारा एकदम पडला तर दार उघडू नये. वादळ पुढे गेल्याची बातमी अधिकृतपणे कळू द्यावी.

जागा कोणती

गाडीला सर्वांत चांगली जागा म्हणजे स्लॅबच्या घराची खालची, चारही बाजूंनी भिंती असलेली खोली. आपल्याकडे नसेल तर शेजाऱ्याला विचारावे. वाडीत एखादे पक्के घर असतेच. तिथे दाटीवाटीने चार-पाच गाड्या राहतात. एकमेकींना टेकवून, मध्ये गोणपाट घालून उभ्या केल्या, तर पडायला जागाच उरत नाही. संकटात शेजाऱ्याकडे गाडी ठेवायला मागण्यात कमीपणा कसला?

पक्की खोली न मिळाल्यास भक्कम भिंतीचा कोपरा शोधावा, जिथे दोन बाजूंनी भिंत येते. काही जागा मात्र कटाक्षाने टाळाव्यात. झाडाखाली तर नकोच. ‘निसर्ग’मध्ये श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागात पोफळी आणि माड वाडीच्या वाडीने आडवे झाले, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. विजेच्या खांबाखाली किंवा तारेखाली नको. नुसते दगड रचून केलेल्या गडग्याच्या आडोशाला नको. तो गाडीवरच कोसळतो. पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये नको, कारण सुटलेला पत्रा कोयत्यासारखा येतो. पऱ्याच्या, पाटाच्या, खाडीच्या काठाला नको. मागच्या पुरात पाणी कुठवर आले होते, ते घरातल्या जाणत्यांना विचारावे आणि गाडी त्याच्या वर ठेवावी.

गोठ्यातही गाडी ठेवू नये. वाऱ्याच्या आवाजाने जनावरे बिथरतात. गाडी त्यांच्या अंगावर पडली किंवा दाव्यात अडकली, तर दोन्हींचे नुकसान.

राहत्या घरात गाडी घ्यावी लागली, तर एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या आगीपर्यंत पोचते. वादळात वीज जाणारच, म्हणजे घरात मेणबत्ती, कंदील, समई लागणार, चूल पेटणार. म्हणून गाडी चुलीच्या आणि देवघराच्या खोलीत ठेवू नये. पेट्रोलचा कॉक असेल तर बंद करावा, टाकीचे झाकण घट्ट आहे ना ते पाहावे, कुठे गळते आहे का ते आदल्या दिवशी तपासावे. गळणारी गाडी घरात घेऊच नये. माणसे निजतात त्या खोलीत तर कोणतीच गाडी नको.

आदल्या दिवशीची कामे

पेट्रोल आधीच भरून ठेवावे. वादळानंतर वीज नसते, रस्त्यावर झाडे पडलेली असतात, पंप चालू असेल याचा भरवसा नसतो, आणि नेमके त्याच वेळी दवाखान्याला धाव घ्यावी लागते. भरल्या टाकीत पाण्याचा अंशही कमी धरतो. मात्र बाटल्यांत आणि प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल साठवून घरात ठेवू नये.

साखळीला ऑइल द्यावे. समुद्राजवळच्या गावांत वाऱ्याबरोबर खारे पाणी येते. चाकाच्या आऱ्या, सायलेन्सर, उघडे नट-बोल्ट यांवर ऑइलचा हात फिरवावा. टायरला आणि ब्रेकच्या डिस्कला मात्र ऑइलचा बोळा चुकूनही लावू नये.

सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घालून वरून प्लॅस्टिकची पिशवी ट्यूबच्या पट्टीने आवळावी. हँडलला एक लाल चिंधी बांधावी, म्हणजे नंतर गाडी चालू करणाऱ्याला बोळा काढायची आठवण राहील. पाणी चढण्याची भीती असेल तर बॅटरी काढून फळीवर ठेवावी. काढताना आधी वजा खुणेची वायर काढावी, मग अधिकची. लावताना उलट, आधी अधिकची, मग वजाची.

आता बांधण्याचे काम. हे काम शेतकऱ्याला शिकवायला नको. जनावर दावणीला कसे बांधायचे ते आपल्याला ठाऊक आहे. गाडी कठीण जमिनीवर डबल स्टँडवर उभी करावी. डबल स्टँड नसेल तर साइड स्टँडवर, पहिल्या गिअरमध्ये, आणि स्टँडखाली फळीचा तुकडा घालून. पुढच्या ब्रेकची मूठ रबरी पट्टीने आवळून बांधली की चाक फिरत नाही. मग पुढे आणि मागे, दोन्ही बाजूंना दोर द्यावेत. पुढचा दोर हँडलच्या खाली, पुढचे दोन दांडे जिथे गाडीच्या सांगाड्याला मिळतात तिथे बांधावा. मागचा दोर सीटखालच्या लोखंडी सांगाड्याला. हँडलच्या टोकाला, आरशाला किंवा इंडिकेटरला दोर बांधून उपयोग नाही. ते पहिल्या झोतात निघून येतात. दोराचे दुसरे टोक पक्क्या खांबाला किंवा भिंतीतल्या कडीला असावे, पडवीच्या वाश्याला नव्हे. दोर घासेल तिथे गोणपाट गुंडाळावे. सुंभाचे चऱ्हाट चालेल, नायलॉनचा दोरही चालेल. पण नायलॉन भिजला की ताणतो, म्हणून तो चांगला ओढून बांधावा.

आणि वरून ताडपत्री घालू नये. हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल, कारण गाडी झाकणे म्हणजे काळजी घेणे असे आपण समजतो. पण उघड्यावरच्या गाडीवर ताडपत्री टाकली की तिचे शीड होते. होडीवाल्याला विचारा, शिडात वारा भरला की काय होते ते. ताडपत्री गाडीला घेऊन पडते, नाहीतर फाटून उडते आणि कोणाच्या तरी तारेत अडकते. पावसाने गाडी भिजली तरी बिघडत नाही. ती पावसात चालायलाच केलेली असते. हवेच्या फिल्टरवर आणि किल्लीच्या भोकावर प्लॅस्टिक आवळून बांधले तेवढे पुरे. हे प्लॅस्टिकही नंतर आठवणीने काढावे.

शेवटचे काम कागदांचे. आर.सी., विमा आणि लायसन्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माणसांबरोबर ठेवावे. मोबाइल असेल तर गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढावेत, नंबर दिसेल असे. डिजिलॉकरमध्ये कागद ठेवले असतील तर उत्तमच.

वादळाच्या दिवशी

या दिवसाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. गाडीसाठी बाहेर पडू नये. दोर सुटला, गाडी पडली, पाणी चढले, काही झाले तरी नाही. त्या ३ जूनला रायगड जिल्ह्यात विजेचा खांब अंगावर पडून एकाचा जीव गेला. सरकारी माणसे घर सोडून निवाऱ्याला चला म्हणाली, तर “गाडीजवळ कोणीतरी राहायला हवं” म्हणून घरातल्या तरुणाला मागे ठेवू नये. समुद्र किती खवळला ते बघायला गाडी काढून जाण्याचा तर विचारही नको.

रस्त्यात असताना वारा चढला, तर गाडी कडेला लावून सोडून द्यावी आणि जवळच्या पक्क्या इमारतीत जावे. झाडाखाली थांबू नये. मोरीवरून पाणी वाहत असेल तर त्यात गाडी घालू नये. गुडघ्याएवढे धावते पाणी माणसाला गाडीसकट ओढून नेते.

वादळ गेल्यानंतर

बाहेर पडल्यावर आधी वर बघावे, मग खाली. पडलेली वायर मेलेली आहे असे कधीही समजू नये. गाडीला वायर लागलेली दिसली तर वीज मंडळाची माणसे येईपर्यंत हात लावू नये.

गाडी पडलेली असेल तर हलवण्याआधी फोटो काढावेत. मग दोघा-तिघांनी उभी करावी. आता सर्वांत महत्त्वाचे: गाडी पाण्यात पडली असेल किंवा पाणी इंजिनापर्यंत चढले असेल, तर किक मारू नये, बटणही दाबू नये, आणि ढकलून चालू करायला तर मुळीच जाऊ नये. याचे कारण साधे आहे. इंजिनाच्या नळकांड्यात हवा दाबली जाते, म्हणून ते चालते. पाणी दाबले जात नाही. आत पाणी असताना किक मारली की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि त्याचा दांडा वाकू शकतो. आमच्या पुतण्याला ऐकू आलेला खट्ट आवाज तोच.

काय करावे? इंजिन ऑइलची काडी काढून पाहावी. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले, तर त्यात पाणी गेले आहे. स्पार्क प्लग काढावा आणि तो बाहेर ठेवूनच हळूहळू किक द्यावी, म्हणजे प्लगच्या भोकातून पाणी बाहेर येते. त्या वेळी भोकासमोर तोंड नेऊ नये, आणि प्लगची वायर इंजिनापासून दूर ठेवावी. थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाच मिनिटे ठेवावे; पाणी असेल तर ते तळाशी वेगळे दिसते. तसे दिसल्यास टाकी रिकामी करावी. हवेचा फिल्टर भिजला असेल तर वाळवावा किंवा बदलावा. ऑइल नवे घालावे, गाडी थोडी चालवून ते पुन्हा एकदा बदलावे. दोन वेळच्या ऑइलचा खर्च इंजिनाच्या खर्चापुढे काहीच नाही. हे घरी जमत नसेल तर गाडी टेम्पोत घालून मेस्त्रीकडे न्यावी. वादळानंतर मेस्त्रीकडे रांग असते. आठ दिवस थांबावे लागले तरी थांबावे, पण तोवर गाडी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून ठेवावी. खारे पाणी लागलेली गाडी न धुता ठेवली, तर गंज तिला थांबत नाही. चालवण्याआधी दोन्ही ब्रेक कमी वेगात दाबून पाहावेत.

ज्यांच्याकडे बॅटरीवर चालणारी गाडी आहे, त्यांनी अधिक जपावे. खाऱ्या पाण्यात बुडालेली लिथियमची बॅटरी काही दिवसांनीसुद्धा पेट घेऊ शकते. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर २०२२ मध्ये ‘इयान’ वादळाचे पाणी ओसरल्यावर अशा मोटारी जळाल्या होत्या. तेव्हा बुडालेली विजेची गाडी घरापासून आणि गवताच्या उडवीपासून लांब, उघड्यावर ठेवावी, चार्जिंगला लावू नये, आणि कंपनीच्या माणसाला दाखवावी.

विम्याबद्दल एवढेच. कायद्याने सक्तीचा असतो तो विमा दुसऱ्याच्या नुकसानीचा. त्यात आपल्या गाडीला काही मिळत नाही. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग घेतला असेल, तर त्यात वादळ, चक्रीवादळ, पूर यांची भरपाई येते. आज घरी गेल्यावर कागद काढून आपला विमा कोणता ते पाहावे. नुकसान झाल्यास कंपनीला ताबडतोब कळवावे आणि त्यांचा माणूस पाहून जाईपर्यंत गाडी उघडू नये. भिजलेले इंजिन चालू करून मोडले, तर ते नुकसान तुम्हीच केले असे कंपनी म्हणू शकते. तलाठी पंचनाम्याला येतात तो घर, पीक, जनावरे यांसाठी. गाडीची भरपाई त्यातून मिळेल अशी आशा धरून बसू नये.

असो. ‘निसर्ग’नंतर वर्षभरातच, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळ कोकणच्या किनाऱ्यालगत वर सरकत गेले आणि १७ मेच्या रात्री गुजरातेत ऊना-दीवजवळ जमिनीवर चढले. पहिली बातमी आली त्याच संध्याकाळी पुतण्याने गाडी शाळेजवळच्या एका स्लॅबच्या घरात नेली आणि चऱ्हाटाने चारही बाजूंनी बांधली. वारा सुटला तेव्हा तो ओटीवर चहा पीत बसला होता. वहिनींनी विचारले, “बांधलास का रे नीट?” तो म्हणाला, “बांधलाय, वैरण तेवढी घालायची राहिली.” तरीही त्यांनी दाराचा आडणा घातलाच.

आपल्या गावात वादळात गाडी, पंप किंवा ट्रॅक्टर कसा वाचवला, हे कोणाला सांगायचे असेल तर अवश्य लिहावे. पुढच्या आठवड्यात घराची कौले आणि पत्रे वाऱ्याआधी कसे आवळावेत ते पाहू.